बेलीफचं पत्र आलंय, म्हणून

प्रिय चिरंजीव,

तुझा रात्रीचा निरोप सकाळी वाचला. बेलीफ कंपनीचं, म्हणजे कौन्सिलच्या वतीने थकबाकी वसूल करणाऱ्यांचं, पत्र आलं आहे, त्यात ठळक अक्षरांत मुदत छापली आहे, आणि तू विचारतोस की पोलीस येतील का. नाही येणार. कौन्सिल टॅक्सची, म्हणजे इंग्लंडातल्या घरपट्टीसारख्या कराची, थकबाकी हे दिवाणी देणं आहे, गुन्हा नाही. पण म्हणून ते पत्र ड्रॉवरमध्ये सारू नकोस. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त आठवडा हाच आहे आणि तो सुरू झालेला आहे.

आधी हे इथवर आलं कसं ते सांगतो, कारण आपल्या मुलांचं नेमकं इथेच चुकतं. आपल्याकडे घरपट्टी मालकाची. ती थकली तर महापालिका मालकाच्या दारात बँड नेऊन वाजवते आणि भाडेकरू गॅलरीतून मजा बघतो. इंग्लंडात उलटं आहे. १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आला तो घरात राहणाऱ्याच्या माथी. घराचा कर-गट (बँड) ठरतो १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर, म्हणजे तुझ्या जन्माआधीच्या, पण पैसे तुझे. आपल्याकडच्या सवयीने, पाकिटावर घरमालकाचं नाव नाही तरी ‘हे त्याचंच असेल’ म्हणून तुम्ही तिघांनी ती पाकिटं शू-रॅकवर ठेवून दिलीत. याला अपवाद एक आहे: प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल, स्वयंपाकघर-बाथरूम सामाईक असेल, तर अशा घराचा टॅक्स बहुतेक वेळा मालकावरच येतो. तुमचा करार मात्र तिघांचा मिळून एकच आहे, तो मी पाहिलाय.

त्या पाकिटांत काय होतं ते उघडल्यावर तुला दिसेलच. हप्ता चुकला की आधी स्मरणपत्र येतं, सात दिवसांची मुदत असते. तेवढ्यात भरलं नाही की आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलत जाते आणि सबंध वर्षाचे पैसे एकदम देय होतात. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, सुनावणीआधी किमान चौदा दिवस. त्या सुनावणीला शेकडो नावं एका सकाळीत उरकतात. तिथे ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ हे उत्तर चालत नाही. कोर्ट लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे ‘ही बाकी तुम्ही देणं लागता’ असा हुकूम, देऊन मोकळं होतं आणि समन्सचा खर्च तुमच्या बाकीत चढतो. ती ऑर्डर हातात आली की कौन्सिलला पगारातून कापून घेता येतं, बेलीफ पाठवता येतो, आणि अगदी टोकाला जाऊन, माणूस मुद्दाम भरत नाही असं कोर्टाला पटलं तर इंग्लंडात अजूनही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वेल्सने ती २०१९ मध्ये काढून टाकली. घाबरू नकोस, तिथवर फार थोडे जातात. सांगतोय ते एवढ्यासाठी की तू क्रेडिट कार्डाचा हप्ता आधी भरतोस आणि हे मागे ठेवतोस. कार्डवाल्याला तुझ्या दारात कुणी पाठवायचं तर आधी दावा लावून निकाल मिळवावा लागतो. कौन्सिलकडे तो कागद आत्ताच आहे. क्रम उलटा कर.

आता पैसे भरायच्या आधीची गोष्ट, आणि मला यातच सगळ्यांत जास्त रस आहे. बिल बरोबर आहे का? मला वाटतं, नाही.

तुझा कोर्स जानेवारीत संपला, तुझ्या दोन सोबत्यांचा सप्टेंबरपर्यंत चालू होता. पूर्णवेळ विद्यार्थी कौन्सिल टॅक्ससाठी मोजलाच जात नाही. म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर त्या घरात, कायद्याच्या हिशेबाने, एकच माणूस मोजायचा होता, तू. आणि एकच माणूस मोजला जात असेल तर बिलात २५ टक्के सूट मिळते. उलट त्या महिन्यांची जबाबदारीही एकट्या तुझी, कारण बिगरविद्यार्थी सहभाडेकरू असेल तर विद्यार्थ्यावर संयुक्त जबाबदारी येत नाही. बिल मात्र तिघांच्या नावावर पूर्ण निघालंय. सप्टेंबरनंतर तिघंही बिगरविद्यार्थी, तिथून तिघंही एकत्र जबाबदार. त्यात एक मेख आहे: संयुक्त जबाबदारी म्हणजे तिसरा हिस्सा नव्हे. नागपूरला परत गेलेला तुमचा तिसरा मित्र ‘माझे पैसे नंतर पाठवतो’ म्हणतो, पण कौन्सिल सगळी रक्कम तुझ्या एकट्याकडून मागू शकतं. त्याच्याशी काय ते तुम्ही आपसात बघा, फक्त त्याच्या पैशांची वाट बघत मुदत घालवू नका.

तेव्हा पहिलं काम: युनिव्हर्सिटीकडून तिघांची कौन्सिल टॅक्स सर्टिफिकेटं मागवायची, कोर्सच्या सुरुवातीची आणि शेवटाची तारीख असलेली. बहुतेक ठिकाणी ती विद्यार्थी पोर्टलवर निघतात. ती कौन्सिलला पाठवून ‘सूट मागच्या तारखेपासून लावा आणि हिशेब दुरुस्त करून द्या’ असं लिहायचं. त्यांनी नाकारलं किंवा दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या लवादाकडे, जाता येतं.

इथे एक खबरदारी घे, कारण तुझ्या व्हिसावर ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ ही अट आहे. विद्यार्थ्याची सूट आणि एकट्याची २५ टक्के सूट या सरकारी निधीत मोडत नाहीत, त्या बिनधास्त माग. पण कमी उत्पन्नाबद्दल मिळणारी ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ मोडते. फोनवरची बाई चांगल्या मनाने तोच फॉर्म भरायला सांगेल. तिला तुझा व्हिसा माहीत नाही. त्या फॉर्मला हात लावू नकोस.

बिल वादात आहे म्हणून बेलीफ आपोआप थांबत नाही, हेही लक्षात ठेव. म्हणून त्याच दिवशी बेलीफ कंपनीलाही लिहायचं. त्यांच्या फीचं गणित बघ. २०१४ च्या नियमांत तीन टप्पे ठरले, पुढचे आकडे तेव्हाचे. प्रकरण त्यांच्याकडे आलं की ७५ पौंड. ते तुझ्यावर चढलेत. माणूस दारात आला की आणखी २३५ पौंड, आणि बाकी १५०० च्या वर असेल तर वरच्या रकमेवर साडेसात टक्के. माल उचलून विकायला काढला तर पुन्हा ११०. तुझ्या पत्रावरचा आकडा याहून वेगळा दिसला तर मला कळव. म्हणजे तू गप्प बसलास तर फक्त गप्प बसण्याची ती दुसऱ्या टप्प्याची फी. दारात तो एकदा आला काय नि चारदा आला काय, ही फी एकदाच लागते. दर फेरीला लावली असेल तर ती चूक आहे आणि लेखी हरकत घ्यायची.

नोटीस आल्यावर किमान सात पूर्ण दिवस बेलीफला येता येत नाही, आणि त्यात रविवार नि बँक हॉलिडे धरत नाहीत. एवढ्यात कंपनीला फोन करून हप्ता ठरवायचा. फोनआधी जमाखर्च एका कागदावर मांड: भाडं, वीज, बस, किराणा, आईबाबांना पाठवतोस ते. ते शेवटचं लपवू नकोस, पण तिथे ताशेरा येणार हे धरून चाल. आणि जमेल तेवढाच हप्ता कबूल कर. माझ्या शनिवारच्या सल्ला-टेबलावर येणारे निम्मे लोक फोनवर दबून मोठा आकडा बोलून बसतात, दुसऱ्या महिन्यात तो चुकतो आणि गाडी पुन्हा तिथेच. कंपनी ऐकेना तर कौन्सिलला विचार की प्रकरण परत घेऊन थेट पगारातून कापता का. तुला आता नोकरी आहे, कापायचं प्रमाण ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतं, आणि त्या ऑर्डरवर पगार-कपात चालू असताना बेलीफ चालवता येत नाही. नोकरीच्या ठिकाणी कळेल म्हणून लाजू नकोस. पगारपत्रकवाल्याला अशी पत्रं नवी नसतात. कौन्सिल हो म्हणेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय नक्कीच म्हणणार नाही.

आणि तरीही तो आला तर? तुझे आईबाबा पुढच्या महिन्यात येतायत, म्हणून हा भाग त्यांनाही वाचून दाखव. मला चित्र डोळ्यांसमोर दिसतंय: सकाळी दहा वाजता तू ऑफिसात, दारावर थाप, बाहेर छातीवर कॅमेरा लावलेला, गळ्यात कार्ड असलेला नीटनेटका माणूस, आणि तुझी आई म्हणणार, ‘या ना, आत या, बसा, तो कामावर गेलाय.’ संपलं. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत त्याला दार फोडता येत नाही, कुणाला ढकलून घुसता येत नाही, खिडकीतून येता येत नाही. पण कुणी आत घेतलं किंवा दार नुसतंच लोटलेलं असलं तर त्याचं येणं कायदेशीर ठरतं. एकदा आत आला की तो टीव्ही, सायकल, स्पीकर अशी यादी करतो आणि सही मागतो. त्या कागदाला कंट्रोल्ड गुड्स अॅग्रीमेंट म्हणतात: वस्तू घरातच राहतात, पण ठरलेला हप्ता चुकला की नोटीस देऊन तो परत येऊ शकतो, आणि या वेळी जबरदस्तीने आत शिरायचा हक्क घेऊन. सगळा फरक त्या पहिल्या उंबऱ्यावर आहे. आईला सांग, पाहुणचार नंतर. दाराला आतून कडी, बोलायचं ते लेटरबॉक्समधून किंवा वरच्या खिडकीतून, कार्ड काचेला लावून दाखवायला सांगायचं. नाव सरकारच्या ऑनलाइन नोंदवहीत तपासता येतं. दार न उघडणं म्हणजे अडथळा आणणं नव्हे. अंगावर जाणं मात्र गुन्हा ठरू शकतो, ते कुणी करू नये.

येण्याची वेळ सकाळी ६ ते रात्री ९. घरात फक्त सोळा वर्षांखालचं मूल असेल तर त्याने आत यायचं नाही. आजारी, गरोदर, नुकतंच घरात कुणी गेलेलं, इंग्रजी नीट न समजणारा अशांशी जपून वागायचं असं त्यांच्या २०१४ च्या राष्ट्रीय मानकांत आहे. तुझ्या वडिलांचं हृदयाचं औषध चालू आहे, तर ते घरात असणार हे कंपनीला आधीच लेखी कळव.

काय नेता येत नाही तेही ऐक, म्हणजे झोप लागेल. पलंग-अंथरूण, फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, जेवायचं टेबल-खुर्च्या, फोन या गोष्टी नाहीत. कामाला किंवा शिक्षणाला लागणारी साधनं एकूण १,३५० पौंडांपर्यंत नाहीत, म्हणजे तुझा लॅपटॉप त्यात बसतो. घरमालकाचा सोफाही नाही; करारासोबतची सामानाची यादी फोनमध्ये ठेव, ती पुरावा आहे. गाडी घ्यायच्या गप्पा मारत होतास, ती थोडी पुढे ढकल. घरासमोर उभी असलेली गाडी ही त्यांची सर्वांत सोपी शिकार, तिला चाक-कुलूप लावायला दार उघडावं लागत नाही.

दोन गोष्टींच्या नादाला लागू नकोस. इंटरनेटवर ‘मी या कराला संमती दिलेली नाही’ छापाची तयार पत्रं फिरतात, दारावर ‘प्रवेशाची परवानगी रद्द’ असा कागद चिकटवायला सांगतात. असली पत्रं पाठवून कुणाचा टॅक्स माफ झालेला मी पाहिला नाही, उलट बोलणी तुटतात. दुसरं, पैसे घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणारे. सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन फुकटात सल्ला देतात. तुझं प्रकरण एवढ्याने आवरलं नाही, कार्डाचंही अंगावर आलं, तर कर्ज-सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घेता येतो: २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये साठ दिवस वसुली थांबते. तो कर्जमाफी नव्हे, आणि चालू महिन्याचा टॅक्स त्यातही भरतच राहायचा असतो.

दारात आलेला माणूस उद्धट वागला तर तारीख, वेळ, नाव लिहून ठेव. आधी कंपनी, मग कौन्सिल, कारण माणूस त्यांनी पाठवलेला आहे आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारा लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन.

तुझा चुलतभाऊ एडिंबराला आहे ना, त्याला हे पत्र जसंच्या तसं पाठवू नकोस. स्कॉटलंडचा कायदा निराळा, तिथे शेरीफ ऑफिसर येतात.

आता कामाला लाग. शू-रॅकवरची सगळी पाकिटं फोड, तारखेप्रमाणे लाव, लायबिलिटी ऑर्डरची तारीख शोध. तिन्ही सर्टिफिकेटं आजच मागव. कौन्सिलला आणि कंपनीला जायचे दोन्ही मेल रात्रीपर्यंत मला धाड, इंग्रजी मी नीट करून देतो. उद्या सकाळी नऊला त्यांच्या लाइन्स उघडतात तेव्हा मेल गेलेले असायला हवेत.

तुझा,
काका