नदी दगड कोरते ती दगडानेच

प्रश्न : बाई, नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघायला गेलो होतो. धाकट्याने विचारलं, "पाणी तर मऊ असतं, मग एवढा टणक दगड त्यानं कसा कोरला?" मला काही सांगता आलं नाही. माझी आजी म्हणायची, सात बाजांचा सुंभ सोडला तरी तिथल्या कुंडाचा तळ लागत नाही. हे खरं का? आणि हीच नदी पुढे-मागे असे खळगे का पाडत नाही?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : धाकट्याला माझी शाबासकी सांगा. त्याची शंका अगदी रास्त आहे. नुसतं पाणी काळ्या पाषाणात असे रांजण कोरत नाही. कोरतात ते पाण्याबरोबर आलेले गोटे आणि वाळू.

निघोजचा खडक म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. तो थिजताना त्याला भेगा पडल्या आणि आतले वायू निघून गेल्यावर छोटी छोटी छिद्रं राहिली. पुराचं पाणी अशा एखाद्या भेगेवरून किंवा खाचेवरून जाताना गिरकी घेतं. त्या गिरकीत एखादा गोटा अडकला की तो गरगर फिरत तळ आणि कडा घासत राहतो. पाटा आणि वरवंटा जसे एकमेकांना झिजवतात, तसंच हे आहे. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. खळगा जसा खोल होतो तसं आत पडलेल्या गोट्याला बाहेर निघणं अवघड होतं, म्हणून हे खळगे रुंदीपेक्षा खोलीकडे वाढतात. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत पातळ होत जाते, तिला भोक पडतं आणि शेवटी ती ढासळते. तिथली अरुंद, खोल घळ अशाच खळगे जुळत जाण्यातून रुंदावली आहे.

पुन्हा जाल तेव्हा धाकट्याला एखाद्या कोरड्या, उथळ खळग्याच्या भिंतीवरून हात फिरवायला सांगा. आमच्या विद्यार्थ्यांना मी आधी हेच करायला लावायची, वह्या नंतर उघडायच्या. दगडात पांढरे ठिपके दिसतील. वायूच्या छिद्रांत मागाहून झिओलाइटसारखी खनिजं भरली, त्यांचे ते ठिपके. विहिरी खोदणारे असल्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. आता बोट त्या ठिपक्यावरून न्या. काळा दगड कुठे संपला आणि पांढरा कुठे सुरू झाला, ते बोटाला कळत नाही. दोन्ही एका पातळीत घासले गेले आहेत. मग तळाशी बघा : वाळू असेल, आणि गुळगुळीत गोल गोटे.

हे गोटे लोक आठवण म्हणून खिशात घालून घरी नेतात, याचं मला फार वाईट वाटतं. नदीची हत्यारं आहेत ती. ती उचलायची आणि त्यांच्या जागी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकून यायचं, हे थांबलंच पाहिजे. मुलांना तिथेच सांगा, गोटा हातात घ्या, नीट बघा आणि होता तिथे ठेवा.

आजीच्या म्हणण्याबद्दल. तळ प्रत्येक खळग्याला असतो. एका खोलीनंतर पाण्याच्या गिरकीला तळाचे गोटे उचलवत नाहीत आणि खोदकाम मंदावतं. पण आजीने घातलेली भीती अनाठायी नव्हती. भिंती इतक्या गुळगुळीत की आत पडलेल्याला हातापायाला आधार सापडत नाही, आणि काही खळगे पाण्याखालून एकमेकांना जोडलेले असतात. पाणी संथ दिसलं तरी मुलांना त्यात उतरू देऊ नका.

आता, इथेच का? कुकडी जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते आणि पुढे घोड नदीला मिळते. वाटेत बऱ्याच ठिकाणी पात्रावर माती, वाळू, गोटे यांचं पांघरूण असतं, त्यामुळे खालचा खडक झाकलेला राहतो. निघोजजवळ तो उघडा पडला आहे आणि पात्र आवळलं आहे. पात्र आवळलं की पाण्याला वेग येतो, आणि वेग थोडा वाढला तरी गोटे वाहून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. म्हणून कोरीव कामाचा मोठा वाटा पुराच्या मोजक्या दिवसांचा असतो. तुम्ही उन्हाळ्यात पाहिलंत ते निवांत पाणी यात जवळजवळ काहीच करत नाही. त्यातही आता वर माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. धरण पाण्याबरोबर वाळू आणि गोटेही अडवतं. या पात्राला पूर्वीइतकी हत्यारं आता वरून मिळणार नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं.

प्रश्न : आमच्याकडे घरं जांभ्या चिऱ्याची, घाटावर काळ्या दगडाची. दगड वेगळे, म्हणजे जमीनही वेगवेगळी जन्मली का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या भागातला जांभा बहुतेक त्याच काळ्या दगडापासून झाला आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांनी खडक दीर्घकाळ कुजत गेला. त्यातली सिलिका, चुना वगैरे पाण्याबरोबर निघून गेले. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली. तांबडा रंग त्या लोहाचा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्या हवेत टणक होत जातो, हे तुमच्याकडचे चिरेखाणवाले माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. शिवाय जांभा फक्त कोकणात नाही. पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहाल तेव्हा पायाखाली जांभाच असतो आणि त्या डोंगराच्या कड्यात खाली काळा पाषाण.