संगीताचे महाविद्यालय निवडताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली माहितीपत्रके मी नीट वाचली. त्यांतील स्टुडिओची छायाचित्रे देखणी आहेत, परंतु महाविद्यालयात स्टुडिओ असणे वेगळे आणि तो विद्यार्थ्याच्या हाती लागणे वेगळे. म्हणून आठवड्याला प्रत्येकाच्या वाट्याला ध्वनिमुद्रणाचे किती तास येतात आणि बँडची तालीम किती वेळा होते, हे सर्वांत आधी विचार. हा व्यवसाय चारचौघांबरोबर वाजवण्याचा आहे. जेथे अशी तालीम केवळ स्नेहसंमेलनापुरती होते तेथे प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शक्य झाल्यास एक दिवस प्रत्यक्ष जाऊन तालीम ऐक. गायिकेने काळी चारऐवजी काळी तीनमध्ये, म्हणजे थोड्या खालच्या पट्टीत, गाते असे सांगितल्यावर कीबोर्डवरचा मुलगा नव्या पट्टीत सहज वाजवू लागतो, की पट्टी आपोआप बदलून देणारे ट्रान्सपोजचे बटण शोधतो, एवढे पाहिलेस तरी तेथे कानाची तयारी कितपत करून घेतात हे कळेल.

चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत पाश्चात्त्य संगीताबरोबर हिंदुस्थानी संगीतही शिकवले जाते, त्यामुळे तुझी आजवरची रागदारीची तालीम तेथे वाया जाणार नाही. अमेरिकेत बोस्टनला असलेल्या बर्कली या संगीत महाविद्यालयाची परंपरा १९४५ पासूनची आणि मुळात जॅझची आहे. पण शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय तिकडचा खर्च आईवडिलांवर टाकू नकोस. तुझी खरी ओढ गाण्यापेक्षा ध्वनीकडे असेल, तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ध्वनीचा अभ्यासक्रमही अवश्य पाहा.

आणखी एक विषय अभ्यासक्रमात आहे का ते तपास: करार आणि रॉयल्टी. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटातील गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले गेल्यास मिळणाऱ्या रॉयल्टीतील गीतकार-संगीतकाराचा समान वाटा निर्मात्याला स्वतःच्या नावे लिहून घेता येत नाही. हे ठाऊक नसलेली गुणी मुले समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळी होतात, याचे मला फार वाईट वाटते.

पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि मध्येच शिक्षण सोडावे लागल्यास किती शुल्क परत मिळेल, ही दोन्ही उत्तरे पैसे भरण्यापूर्वी लेखी घे.

तुझा,
काका