कंपन्या कर्मचाऱ्यांचे बेनिफिट्स ऑनलाइन टूलवर नेमके कसे चालवतात? टूल घेतलं की एचआरचं काम खरंच कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की सव्वाशे माणसांची कंपनी आहे, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, रजा सगळं एक्सेलवर चाललंय आणि आता मॅनेजमेंट टूल घ्या म्हणून मागे लागलीये. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, तर जे रोज बघते ते सांगते.

काम कमी होतं, पण डेमोत दाखवतात तिथे नाही. डेमोत काय असतं, कर्मचारी लॉगिन करतो, दोन प्लॅन शेजारी शेजारी बघतो, घरच्यांची नावं भरतो, सबमिट. हे आता बहुतेक सगळ्यांचंच बरं असतं. खरी गोम आहे ती सबमिट दाबल्यानंतर ती माहिती विमा कंपनीकडे आणि पेरोलकडे, म्हणजे पगाराच्या हिशेबाकडे, कशी जाते यात, आणि टूल निवडताना नेमकं हेच कुणी विचारत नाही.

एक उदाहरण घ्या. कर्मचाऱ्याला मूल झालं. प्लॅन एरवी वर्षातून एकदाच बदलता येतो, पण लग्न, बाळंतपण अशा वेळी मध्येच खिडकी उघडते (अमेरिकेत कंपनीच्या हेल्थ प्लॅनला कायद्यानेच किमान ३० दिवस द्यावे लागतात आणि वेळेत कळवलं तर बाळाचं कव्हर जन्माच्या दिवसापासून धरतात). तो पोर्टलवर नोंद करतो, दाखला अपलोड करतो, तुम्ही अप्रूव्ह करता, मग टूल एका ठरलेल्या साच्यातली फाइल विमा कंपनीला पाठवतं, अमेरिकेत या साच्याला ८३४ म्हणतात. आता बाळाचं नाव ठेवलेलंच नसतं म्हणून रकान्यात नुसतं 'बेबी' लिहिलेलं असतं, महिन्याने खरं नाव टाकलं की विमा कंपनीची सिस्टिम कधीकधी ते दुसरंच बाळ समजते, किंवा ती ओळच रिजेक्ट करते. पोर्टलवर मात्र हिरवी टिक दिसत राहते! आईबापांना कळतं ते थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर, आणि त्या वेळी त्यांच्यावर काय गुदरतं ते मी फोनवर ऐकलंय, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. रिजेक्ट झालेल्या ओळी टूल तुम्हाला दाखवतं का, कुठे दाखवतं आणि कुणाला मेल जातो, हे आधी विचारा.

पेरोलचं तसंच. पगाराचं गणित लॉक झाल्यावर कुणी प्लॅन बदलला तर राहिलेला प्रीमियम पुढच्या पगारातून एकदम कापायचा की दोन हप्त्यांत, हे टूलमध्ये आधीच सेट करावं लागतं, नाहीतर त्या माणसाच्या हातात अचानक कमी पगार पडतो आणि तो तुमच्याकडेच येतो.

त्यामुळे टूल कितीही भारी असलं तरी दर महिन्याला तीन याद्या जुळवायच्याच: पोर्टलवर कोण आहे, विमा कंपनीच्या बिलात कोण आहे, पगारातून कपात कुणाची होतेय. सोडून गेलेली माणसं बिलात राहतात हे सगळीकडे होतं, आणि विमा कंपन्या सहसा मागच्या मोजक्याच महिन्यांचे पैसे परत देतात. चांगलं टूल ही जुळवणी स्वतः करून फक्त फरक दाखवतं, काम वाचतं ते इथे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे डिफॉल्ट. कुणी काहीच निवडलं नाही तर काय होणार? ब्रिटनमध्ये २०१२ पासून, आधी मोठ्या कंपन्यांपासून सुरू करून, पात्र कर्मचाऱ्याला पेन्शनमध्ये आपोआप घ्यायचा नियम आला, नको असेल तर बाहेर पडायची मुभा, आणि बहुतेक लोक आतच राहिले. म्हणजे टूलमध्ये तुम्ही टाकलेली एक टिक सव्वाशे लोकांच्या म्हातारपणाचे पैसे ठरवते. म्हणून ती टिक व्हेंडरवर, म्हणजे टूल विकणाऱ्या कंपनीवर, सोडू नका, बसून ठरवा आणि लोकांना साध्या भाषेत कळवा.

प्रायव्हसीचं थोडक्यात, कुणाला कसला आजार आहे हे एचआरला दिसायचं कारणच नाही. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या खासगी माहिती जपायच्या कायद्यात आरोग्याची माहिती वेगळ्या, जास्त जपायच्या वर्गात येते, तुमच्याकडे तसा कायदा असो नसो, कोण काय बघू शकतं हे रोलप्रमाणे बांधून घ्या. आणि ज्यांच्याकडे ऑफिसचा ईमेल नाही, म्हणजे गोदामातले, ड्रायव्हर, शिफ्टवाले, त्यांच्यासाठी मोबाइलवर ओटीपीने लॉगिन होतं का तेही बघा, कारण विम्याची खरी गरज बऱ्याचदा त्यांनाच असते आणि फॉर्मही त्यांचेच राहतात.

सव्वाशे माणसांना टूल घ्यावं असंच माझं मत आहे. फक्त विम्याच्या रिन्युअलच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करा, एक्सेलमधल्या जन्मतारखा आणि नावांची स्पेलिंगं आधी साफ करा, कारण कचरा तसाच वर चढला की तो विमा कंपनीपर्यंत जातो. आणि डेमोला व्हेंडरला सांगा की नवीन जॉइनिंग नको दाखवू, महिन्याच्या मध्येच नोकरी सोडलेल्या एका माणसाची नोंद माझ्यासमोर कर, आणि मग विमा कंपनीला गेलेली फाइल आणि त्याच्या शेवटच्या पगारातली कपात, दोन्ही उघडून दाखव.