मंदीत मिळालेली मोठी ऑर्डर स्वीकारावी का?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आणि तिला जोडून मशीनशॉप आहे. बहुतेक काम व्यापारी वाहनांच्या सुट्या भागांचे आहे. मंदीमुळे दोन पाळ्यांची एक पाळी झाली असून महिन्याची उलाढाल ३० लाखांवर आली आहे. अशा वेळी एका मोठ्या कंपनीने दरमहा १२ लाखांचे काम देऊ केले आहे, मात्र बिलाचे पैसे १२० दिवसांनी मिळतील. हे काम घेऊन कर्जावर आणखी एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मशीनिंगचे यंत्र) बसवावी, असा मुलाचा आग्रह आहे. मला मात्र माणसे कमी करून खर्च आवरावा, असे वाटते. आपण काय सुचवाल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा १२ लाखांचा नसून १२० दिवसांचा आहे. या अटीवर काम सुरू केल्यास चौथ्या महिन्याच्या अखेरीस आपले ४८ लाख रुपये त्या कंपनीकडे येणे असतील आणि काम चालू असेपर्यंत तेवढी रक्कम तिथे कायम अडकून राहील. स्क्रॅप, पिग आयर्न, वीज, मजुरी यांवर बिलाच्या ८५ टक्के रक्कम रोखीने जाते असे धरले, तर सुमारे ४० लाख रुपये आपल्याला सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्यातून उभे करावे लागतील. ११ टक्के दराने त्याचे वर्षाचे व्याज साडेचार लाखांच्या आसपास जाते. वर्षाच्या १ कोटी ४४ लाखांच्या या कामात व्याजापूर्वी ६ टक्के सुटतात असे मानले, तरी नफा साडेआठ लाखांच्या थोडा वर जातो, म्हणजे निम्म्याहून अधिक नफा बँकेकडे जाणार. शिवाय कास्टिंगवरील, म्हणजे ओतीव भागांवरील, १८ टक्के जीएसटी बिल फाडले की देय होतो, पैसे आले की नव्हे. खरेदीवरील कराची वजावट घेऊनही उरलेला भरणा चार महिने आपल्याच खिशातून होईल. मंदीत लहान कारखाने कामाअभावी अडचणीत येतात तसेच उधारीत वाढवलेल्या कामामुळेही येतात, आणि दुसऱ्या प्रकारात ताळेबंदावर शेवटपर्यंत नफा दिसत राहिल्याने दुखणे फार उशिरा कळते.

मुळात १२० दिवसांची अट कायद्यात बसत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराशी लेखी करार केला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने भर घातली : अशा पुरवठादाराचे देणे मुदतीत दिले नाही, तर खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली आणि मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागांना तिची चांगलीच जाणीव आहे. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी याच कायद्याखालील सुकरता परिषद आहे; पण चालू ग्राहकाविरुद्ध तिथे जाणारा कारखानदार विरळा, हे आपण जाणताच. म्हणून कायद्याचा उपयोग भांडणासाठी न करता ऑर्डर ठरवतानाच करावा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) ऑर्डर स्वीकारण्याआधीची असावी, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा आणि ४५ दिवसांची मुदत खरेदी-आदेशात लिहून घ्यावी.

कंपनी तरीही मुदत कमी करण्यास राजी नसेल, तर बिले ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, स्वीकारण्याची मागणी करा. या मंचावर खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि व्यवहार ठरताच पैसे आपल्या खात्यात येतात; पुढे खरेदीदाराने पैसे थकवले, तरी बँक आपल्याकडे वसुलीला येत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी करणे सरकारने बंधनकारक केले आहे. मात्र नोंदणी असणे आणि आपले बिल तिथे प्रत्यक्ष मान्य होणे यांत अंतर असते, त्यामुळे हे आश्वासन तोंडी घेऊ नका. यांपैकी काहीच मान्य नसेल, तर दरमहा चार-पाच लाखांचेच काम घ्या. मोठी ऑर्डर अर्धीमुर्धी घेतल्याने ग्राहक नाराज होतो हे खरे, पण स्वतःच्या ऐपतीबाहेरची उधारी देऊन मिळवलेला ग्राहक फार काळ टिकत नाही.

व्हीएमसीचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पाळीत चालणाऱ्या कारखान्यात आहे त्याच यंत्रांचे तास रिकामे असताना नव्या यंत्राचा हप्ता कशाच्या जोरावर भरणार? त्यापेक्षा रिजेक्शनकडे, म्हणजे सदोष म्हणून बाद होणाऱ्या मालाकडे, बघा. मला वाटते, आपली खरी वाढ तिथे दडलेली आहे. ब्लोहोल (कास्टिंगच्या आत वायूमुळे राहिलेले छिद्र) भट्टीपाशी दिसत नाही, ते मशीनवर टूलखाली उघडे पडते. तोवर त्या कास्टिंगवर वीज, कोअर, बाइंडर, मोल्डिंग, फेटलिंग (साफसफाई) आणि निम्मे मशीनिंग एवढा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. धातू पुन्हा वितळवता येतो, बाकीचे काही परत येत नाही. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते, आणि नाकारलेल्या प्रत्येक टनामागे ती दुसऱ्यांदा जळते. पॅटर्ननिहाय (ज्यावरून वाळूचा साचा बनतो त्या नमुन्यानुसार) वही ठेवा : कोणता दोष, कोणत्या पाळीत, त्या दिवशी वाळूतील ओलावा किती, ओतण्याचे तापमान किती. दोन-तीन महिन्यांत बहुतेक नुकसान मोजक्या पॅटर्नमधून येते, हे दिसू लागेल. रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ४ वर आले, तर तो नफा उधारीशिवायचा असतो. रिकामी पाळी या कामासाठी वापरण्यासारखा दुसरा काळ नाही.

माणसांबाबत एवढेच सांगेन की ओव्हरटाइम थांबवा, पाळ्यांची फेरमांडणी करा, पण मोल्डर आणि भट्टीवाला सोडू नका; बाजार सुधारला की शेजारचा कारखानदार त्यांना आधी उचलतो.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण तिचा विचार व्हायला हवा. २०१९-२० मध्ये व्यापारी वाहनांची देशांतर्गत विक्री २८ टक्क्यांहून अधिक घटली. ट्रकच्या भारवहनाची वाढवलेली मर्यादा, आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेच्या थकबाकीनंतर आटलेला वित्तपुरवठा आणि बीएस-६ या नव्या प्रदूषण-मानकांचा उंबरठा अशी तिची अनेक कारणे होती. त्याच्या पुढच्याच, म्हणजे महामारीच्या वर्षात देशात सुमारे ९ लाख ट्रॅक्टर विकले गेले आणि तो तोवरचा उच्चांक ठरला. एकाच धातूचे, जवळपास एकाच तंत्राचे काम, पण मागणीचे चक्र निराळे. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर यांपैकी एखाद्या क्षेत्रातून उलाढालीचा चौथा हिस्सा मिळेल, अशी आखणी आता करा. नमुने मंजूर होण्यात बरेच महिने जातात, म्हणून पॅटर्नचा खर्च याच काळात करणे योग्य.

प्रश्न : तारण नसताना सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या पतहमी योजनेतून कर्ज घेतले आणि धंदा बुडाला, तर सरकार ते फेडते, हे खरे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. ही हमी बँकेसाठी आहे, कर्जदारासाठी नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून हमीची मर्यादा १० कोटींपर्यंत वाढली, त्यामुळे तारणाशिवाय कर्ज मिळणे सुकर झाले. परंतु हमीची रक्कम बँकेला मिळाली, तरी आपल्याकडील वसुली चालूच राहते आणि पतमानांकनावर नोंदही होते. हमीचे शुल्क बहुधा कर्जदाराकडूनच घेतले जाते, तेव्हा व्याजदराची तुलना करताना ते त्यात मिळवूनच करावी.