कॉर्न, लिली ५८ की ॲलिस? दिवसभर कोडिंग आणि थोडं मराठी लिहिणाऱ्याने कोणता कीबोर्ड घ्यावा?

मनगट दुखतं म्हणून दोन तुकड्यांचा ४२ कीचा कॉर्न घेऊ, तसाच ५८ कीचा लिली घेऊ की एकाच तुकड्यातला, दोन बाजू तिरक्या असलेला ॲलिस, आणि सोबत कोलमॅक ही इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणीही शिकून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. 'थोडं मराठीही लिहितो' हे वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता टाकलंय. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

मी भाषांतरं करते. दिवसाला दोन-तीन हजार शब्द, सगळे इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीचं प्रत्येक अक्षर ठरलेल्या कीवर असणाऱ्या मांडणीत. तीन वर्षांपूर्वी उजवी करंगळी रात्रीसुद्धा ठणकायला लागली. दादा बंगळुरूला प्रोग्रामर आहे. त्याने स्वतः सोल्डर केलेला, दोन तुकड्यांचा ३६ कीचा कीबोर्ड आणला आणि भाऊबीजेला ओवाळणी म्हणून ताटात ठेवला. बोटांनी मधल्या ओळीतलं घर सोडायचंच नाही, बाकी सगळं लेयरवर, म्हणजे एक की दाबून धरली की बाकीच्या कींचा अर्थ बदलतो, हा त्याचा धर्म. वस्तू देखणी होती, खोटं कशाला बोलू.

पण इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. उजवीकडची ही गर्दी पी आणि एलपाशी संपत नाही. ट-ठ अवतरणचिन्हाच्या कीवर, ड-ढ चौकटी कंसाच्या, 'डॉक्टर'मधला काना-चंद्र उलट्या तिरक्या रेघेच्या, 'कृपया'मधला ऋकार बरोबरच्या चिन्हाच्या. इंग्रजी लिहिणाऱ्याला या कडेच्या की म्हणजे अडगळ. आपले ट-ठ-ड-ढ तिथे राहतात.

दादाने अवतरणचिन्ह बसवलं होतं अंगठा दाबून एलवर आणि कंस अंगठा दाबून पीवर. अंगठा केसभर उशिरा पडला की टचा त होतो आणि डचा ज. एका मिक्सरसोबत द्यायची पाककृतींची पुस्तिका मी रात्री अडीचला पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, दात दही हा काही प्रादेशिक प्रकार आहे का?" उघडून बघते तर 'दाट दही, एक वाटी'च्या जागी 'दात दही, एक वाती'. 'गोज' आणि 'मीथ' तांबड्या रेघेमुळे मला सापडले होते. दात आणि वाती हे मात्र शुद्ध मराठी शब्द, स्पेलचेक त्यांना कशाला अडवतोय? छपाईला जाण्याआधी निस्तरलं, पण तिथून पुढचं काम आलं नाही.

दादाचं म्हणणं, "सराव कमी पडला. नाहीतर फोनेटिक वापर ना!" हा माणूस घरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं रोमनमध्ये लिहितो. तिथे ट आणि त एकाच अक्षरात नांदतात. ट हरवला हे त्याला कळणार कुठून? आणि फोनेटिक कशाला? 'मराठी' लिहायला मला पाच की आणि एक शिफ्ट लागते. रोमनमधून लिहून तुम्हीच मोजा.

तर कॉर्न घेऊ नका. त्यात अवतरणचिन्हाला जागा आहे, म्हणजे ट वाचतो, पण मूळ मांडणीत ड लेयरवरच जातो. ॲलिसमध्ये जवळजवळ सगळ्या की जागच्या जागी राहतात आणि चार दिवसांत हात बसतो. पण करंगळीची धावपळ तशीच राहते, आणि तुकडा एकच असल्यामुळे दोन्ही बाजू खांद्याच्या रुंदीएवढ्या लांब ठेवता येत नाहीत. मी लिली ५८ वर थांबले. पीच्या उजवीकडच्या कीवर कंस घेतला, काना-चंद्र आणि ऋकार मधल्या रिकाम्या कीवर तर्जनीखाली आणले आणि बॅकस्पेस अंगठ्याला दिला. करंगळी दोन महिन्यांत गप्प झाली. अंगठ्याची युक्ती दादाचीच, ते मान्य.

कीखालचे स्विच निळे, म्हणजे खटखट वाजणारे, की तांबडे, म्हणजे शांत, हे घरात झोपणाऱ्या माणसांना विचारा.

कोलमॅक? तुम्ही मराठी लिहीत असाल तर माझा सल्ला नाही असाच. १९३६ साली पेटंट मिळालेल्या ड्वोरॅक या इंग्रजीच्याच दुसऱ्या मांडणीने स्वर एका हाताला दिले, का तर हात आलटून-पालटून चालावेत म्हणून. इनस्क्रिप्टमध्ये ते आपसूक होतं: 'का' म्हणजे उजवा-डावा, 'ती' म्हणजे उजवा-डावा. नेहमी नाही हं, म-न-व डावीकडे आहेत. 'मनाने' लिहून बघा, उजवा हात रिकामाच बसतो. आणि कोलमॅक कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, टाकलंत तर इनस्क्रिप्टचीही अक्षरं विस्कटतात, कारण संगणक कीची जागा बघत नाही, तिच्याकडून येणारा कोड बघतो. मग मराठीसाठी नेहमीच्या क्वर्टी मांडणीचा वेगळा लेयर ठेवा, नाहीतर कोलमॅक संगणकाच्या सेटिंगमधून लावा.

हे सगळं तुम्ही इनस्क्रिप्ट वापरता असं धरून. रोमनमधूनच मराठी लिहीत असाल तर खुशाल कॉर्न घ्या, दादाला आनंद होईल. पहिले दोन-तीन आठवडे वेग निम्म्यावर येतो, तेव्हा कामाच्या गर्दीत बदल करू नका. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर, मग खुर्ची-टेबलाची उंची, कीबोर्ड त्यानंतर.

तो ३६ कीचा पेटीत पडून आहे. पुण्यात असाल तर महिनाभर नेऊन बघा. इंग्रजी फार छान लिहितो.