दारावर नोटीस, हातात संचकार

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात भाड्यानं राहतो, किराणा दुकान आहे. शहापुरात ओळखीच्या एकांचं जुनं दुमजली घर विकायचं आहे. त्यांचं उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप होतं, ते बंद पडलं. घर बँकेकडं तारण. बँक ४७ लाख मागते आणि त्या घराला चाळीसच्या वर कोण देईल असं वाटत नाही. दारावर बँकेचा कागद चिकटवलाय. मालक म्हणतात, ‘३८ ला घ्या, आत्ता पाच लाख संचकार (विसार) द्या, बँकेचं मी बघतो.’ अमेरिकेतला भाचा म्हणतो, ‘मामा, हा शॉर्ट सेल झाला, सरळ बँकेशीच घासाघीस कर.’ मॅनेजर तर मला दारात उभं करत नाहीत. काय करू?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : पाच लाख जिथं आहेत तिथंच राहू द्या. बाकी सगळं नंतर.

दारावरच्या त्या कागदाचा फोटो काढा आणि त्यावर कलम कुठलं छापलंय ते बघा. २००२ च्या सरफेसी कायद्याचं (थकलेल्या कर्जापोटी कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) १३(२) असेल तर ती मागणीची नोटीस, म्हणजे मालकांना पैसे भरायला ६० दिवस दिलेत. १३(४) असेल तर बँकेनं ताबा घेतलाय, निदान कागदोपत्री. कुठलंही असो, १३(२) ची नोटीस हातात पडल्यापासून बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकांना ते घर विकता येत नाही. त्यामुळं ‘बँकेचं मी बघतो’ला काही अर्थ उरत नाही. ते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. वर्कशॉप बंद पडलेल्या माणसाच्या दारात इतके घेणेकरी उभे असतात की पाच लाखांतला रुपया बँकेपर्यंत पोचत नाही, एवढंच.

लिलावाची जाहिरात आलीय का तेही शोधा. ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. इकडं ते बहुतेक वेळा कन्नड असतं, आणि आपण मराठी पेपर चाळून ‘काही आलं नाही की’ म्हणत बसतो. जाहिरात छापून आली की पैसे भरून घर सोडवायचा मालकांचा हक्क संपतो, २०१६ च्या दुरुस्तीपासून तसं आहे. मग हा सौदा विसरायचा आणि घर हवंच असेल तर लिलावात उतरायचं.

भाचा सांगतो ते खोटं नाही, पण ते तिकडचं. अमेरिकेत घराची किंमत कर्जाच्या खाली गेली की मालक आपल्या अडचणीचं पत्र आणि गिऱ्हाइकाची ऑफर बँकेला देतो, आणि बँक कमी पैसे घेऊन बोजा उतरवते. तिथंही महिनोन्महिने लागतात. आपल्याकडं याला दोन गोष्टी जमून याव्या लागतात : मालकांची बँकेशी एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, आणि त्याबरोबर तुम्हाला विकायची संमती. रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ ला तडजोडीची चौकट घालून दिली आहे. पण ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्येच सांगितलंय. बँक नाही म्हणू शकते.

आणि तडजोड कर्जदाराशी होते, तुमच्याशी नाही. मॅनेजर तुम्हाला उभं करत नाहीत ते याचमुळं. परक्याच्या खात्याबद्दल तुमच्याशी बोलायची त्यांना मुभाच नाही. मालकांना बरोबर न्या, आणि ‘माझ्या खात्याविषयी यांच्याशी बोलायला माझी हरकत नाही’ असं त्यांच्या सहीचं पत्र द्या. खुर्ची मिळेल.

आता घासाघीस. रविवार पेठेत साखरेच्या पोत्यावर करता ती विसरा. ३८ ला हो म्हणायचा अधिकार समोरच्या मॅनेजरला बहुतेक नसतोच. फाईल वर कमिटीकडं जाते आणि सही करणाऱ्या प्रत्येकाला एकच धास्ती असते : उद्या ऑडिटवाल्यानं ‘स्वस्तात का सोडलं?’ विचारलं तर काय दाखवू? ते दाखवायचे कागद तुम्ही पुरवायचे.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ वसुलीत. एकदा खानापूरकडचं एक जोडपं माझ्या टेबलाशी आलं. बाईंनी कापडदुकानाच्या पिशवीतून एकेक कागद काढून मांडला. स्वतःच्या बँकेचं कर्जमंजुरीपत्र. खात्यावरच्या शिलकेचा दाखला. व्हॅल्युअरचा अहवाल. मग मागच्या भिंतीचे फोटो : जांभ्यात पाणी मुरून गिलाव्याचे पोपडे सुटलेले, माळ्याच्या तुळईला वाळवी. गवंड्यानं वहीच्या पानावर पेन्सिलीनं दुरुस्तीचा खर्च मांडून खाली सही केली होती. ते पान मी टाचणीनं फाईलला लावलं, आणि कमिटीत सगळ्यांत जास्त वेळ हातोहात फिरलं ते तेच. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरासाठी कुणा साहेबांचा फोन आला होता. ती फाईल आम्ही सगळ्यांनी घाबरून बाजूला सारली.

४७ ऐकून दबू नका. मालकांना कर्जखात्याचा उतारा काढायला सांगा, मुद्दल किती आणि व्याज-दंड किती ते वेगळं करा. मुद्दल ३३ असेल तर तुमच्या ३८ मध्ये ते फिटून वर पाच उरतात, आणि अशी ओळ कमिटीच्या टिपणात लिहायला कुठल्याही मॅनेजरला आवडते. मुद्दलच ४४ असेल तर अवघड. मग बँक लिलावाचा हिशेब मांडते. व्हॅल्युअर बाजारभावाशिवाय घाईच्या विक्रीची किंमत वेगळी लिहितो, ती खालची असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, मालक डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, गेले तर बेंगळूरच्या वाऱ्या, बोलीला कोणी आलं नाही तर राखीव किंमत उतरवून पुन्हा जाहिरात. हे पत्रात लिहून त्यांना शिकवू नका, त्यांना पाठ आहे. पत्रात फक्त रक्कम, किती दिवसांत भरणार आणि पैसे कुठून येणार. ३५ ने सुरू करा, ३८ खिशात ठेवा.

मालकांना यातून हाती काही लागणार नाही, हे त्यांना आधीच तोंडावर सांगा. बँकेला ३५ दाखवून बाहेरून त्यांना तीन द्यायचे, असलं करू नका. उघडकीला आलं तर तडजोडच मोडते. आणि तडजोडीच्या पत्रात ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द हवेत. नसतील तर उरलेल्या रकमेसाठी बँक मालकांच्या आणि जामीनदारांच्या मागं लागेल, आणि मग खरेदीच्या दिवशी सही करायला मालक येणार नाहीत.

पत्र हातात आल्यावरच पैसे द्यायचे, तेही आरटीजीएसनं थेट कर्जखात्यावर. खरेदीखताच्या दिवशी बँकेचा माणूस मूळ कागद घेऊन सबरजिस्ट्रारकडं हजर राहील, हे त्याच पत्रात लिहून घ्या. एरवी सगळं कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात, आणि बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण ती कर्जदाराला मिळते, तुम्हाला नाही.

नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ई. सी., म्हणजे घरावरच्या बोज्यांचा दाखला, काढालच, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका. कागद ठेवून घेतलेलं आणि न नोंदवलेलं तारण तिच्यात दिसत नाही. ते सरसाईच्या केंद्रीय नोंदणीत शोधायचं, फी भरून कुणालाही बघता येतं. आणि सोसायट्या! आपल्याकडं गल्लीगणिक एक सौहार्द, म्हणजे सहकारी पतसंस्था, आहे. त्यांना सरफेसी वापरता येत नाही, पण सहकार खात्याकडून निवाडा मिळवून त्या घरावर जप्ती आणू शकतात. कुठं कुठं सह्या केल्यात ते मालकांकडून लेखी घ्या. घरपट्टी आणि हेस्कॉमच्या वीजबिलाचंही ठरवून टाका. ई-खातं, म्हणजे पालिकेतली घराची नोंद, कुणाच्या नावावर आहे ते मात्र पहिल्याच दिवशी बघा, कारण शहापुरातल्या जुन्या घरांना आजोबांचं नाव असतं आणि चार आत्यांच्या सह्या बाकी असतात.

अर्ज ३१ मार्चच्या तोंडावर नेऊ नका, फेब्रुवारीच्या सुरुवातीला द्या. मार्चअखेर वसुली दाखवायची सगळ्यांनाच घाई असते, पण कमिटी बसायलाही दिवस लागतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

प्रश्न : लिलावात घर मिळालं, २५ टक्के भरले. उरलेल्यासाठी माझी बँक अजून कर्ज देईना. पंधरा दिवस संपत आले.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आजच लिलाव करणाऱ्या बँकेला मुदतवाढ मागा. ती बँक आणि तुम्ही, दोघांच्या लेखी संमतीनं ती मिळू शकते, पण सगळं मिळून तीन महिन्यांच्या वर नाही. ‘बघू, देऊ’ असं तोंडी सांगितलं तर ते धरू नका. मुदत चुकली की भरलेली रक्कम जप्त होते, आणि ती पूर्ण जप्त करणं सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये योग्य ठरवलंय. स्वतःच्या बँकेला लिलावाची अटी-शर्तींची प्रत दिलीत का? बऱ्याचदा फाईल तेवढ्यासाठीच अडलेली असते.