‘अंतिम न्याय’ नेमका कधीचा?

वेंगुर्ल्याहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांच्या ओळखीच्या ख्रिस्ती घरातल्या आजी वारल्या. महिन्याच्या प्रार्थनेसाठी छापायच्या कार्डाचा मजकूर घरच्यांनी यांच्याकडे शुद्धलेखन तपासायला दिला. त्यात एक वाक्य होतं: ‘आमची आई अंतिम न्यायासाठी प्रभूच्या न्यायासनापुढे उभी राहिली आहे.’ यांना ‘अंतिम’ खटकला. तो न्याय जगाच्या शेवटी व्हायचा ना, मग आजींचा आताच कसा? घरचे जावई म्हणाले, त्यापेक्षा ‘प्रभूमध्ये झोपी गेली’ असं घाला. शिवाय वाचकांची स्वतःची एक शंका आहे. ‘अंतिम न्याय’ हा शब्द जड वाटतो, तर त्याऐवजी ‘प्रलय’ किंवा ‘कयामत’ चालेल का?

आधी उत्तर देऊन टाकतो. ‘अंतिम न्यायासाठी’ काढा, बाकी वाक्य राहू द्या. ‘प्रलय’ आणि ‘कयामत’ दोन्ही नकोत. जावयांची सूचना मराठी म्हणून बिनचूक आहे, पण ती घेण्याआधी आजी कुठल्या चर्चच्या हे बघा. तिथे व्याकरण संपतं आणि धर्ममत सुरू होतं.

आपला गोंधळ का होतो ते बघा. मराठी माणसाच्या डोक्यात या बाबतीत दोन वेगळे कप्पे आहेत. माणूस मेला की चित्रगुप्त वही उघडतो. तो हिशेब एकेकट्याचा आणि ताबडतोब. दुसऱ्या कप्प्यात प्रलय. तो सगळ्यांचा एकदम, पण तिथे हिशेब कुणाचाच नाही. बुडाले ते सगळे बुडाले. ख्रिस्ती कल्पनेत सगळ्या जगाचा शेवट आणि प्रत्येकाचा हिशेब एकाच प्रसंगात येतात. त्याला आपल्याकडे तयार शब्द नव्हता, म्हणून ‘न्यायाचा दिवस’, ‘शेवटचा न्याय’, ‘अंतिम न्याय’, ‘न्यायनिवाडा’ असे शब्द घडवावे लागले. त्यातून पुन्हा ख्रिस्ती मंडळींमध्येच हा न्याय कधी, यावर एकमत नाही. तेव्हा कार्डावर कोणता शब्द आणि कोणता काळ येणार, हे पंथावर ठरतं.

गोव्यात आणि तळकोकणातल्या कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत याला ‘झडती’ म्हणतात. ‘निमाणी झडती’ म्हणजे शेवटची झडती. मराठी कानाला पोलिसांनी घराची घेतलेली झडती आठवते आणि हसू येतं. पण जुन्या मराठीत झडती देणं म्हणजे हिशेब देणं, आणि झडती घेणं म्हणजे कसून जाब विचारणं. मला विचाराल तर ‘अंतिम न्याय’पेक्षा हा शब्द कितीतरी रोखठोक आहे. न्याय म्हटलं की वकील, तारखा, अपील असं काहीबाही मनात येतं. झडतीत ते काही नाही; खिसे उलटे करायचे, बस्स.

कॅथलिक शिकवणीत हा जाब दोनदा होतो. एक प्रत्येकाचा, मरणानंतर लगेच. दुसरा सर्वांचा, ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा. पहिल्याला मराठीत ‘वैयक्तिक न्याय’ म्हणता येईल. ‘अंतिम’ हे विशेषण फक्त दुसऱ्याचं. आजी कॅथलिक असतील तर त्या न्यायासनापुढे उभ्या राहिल्या हे बरोबर, ‘अंतिम न्यायासाठी’ हे मात्र चूक.

हे ‘लगेच’ सहजासहजी ठरलेलं नाही. पोप बावीसावे जॉन यांनी 1331 च्या सर्व संतांच्या सणाला फ्रान्समधल्या आविन्यों इथे प्रवचन केलं. तेव्हा पोपची गादी रोमला नव्हती, आविन्योंला होती. त्या आणि पुढच्या प्रवचनांतून त्यांनी मांडलं की पुण्यवानांच्या आत्म्यांनाही शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं समोरासमोर दर्शन होत नाही, तोवर ते वाट बघत विसावलेले असतात. खुद्द पोपच असं बोलल्यावर पॅरिसचे धर्मपंडित खवळले. संतांना अजून दर्शनच नसेल तर आपण त्यांची मध्यस्थी मागतो ती कशाच्या भरवशावर, असा हा रोकडा सवाल होता. जॉन यांनी 3 डिसेंबर 1334 ला, म्हणजे मरणाच्या आदल्या दिवशी, ते मत मागे घेतलं. त्यांच्या गादीवर आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी जानेवारी 1336 मध्ये अधिकृत निर्णयच दिला. त्यात एक चिमुकला लॅटिन शब्द आहे, ‘मॉक्स’. अर्थ ‘लगोलग’. मरणानंतर लगोलग: शुद्ध आत्म्याला दर्शन, शुद्धी बाकी असेल त्याला शुद्धीनंतर, आणि महापापात मेलेल्याला नरक. त्याच निर्णयात पुढे असंही आहे की तरीसुद्धा न्यायाच्या दिवशी सगळे आपापल्या शरीरानिशी ख्रिस्तापुढे उभे राहतील.

आता कोणीही विचारील, एकदा निकाल लागला तर पुन्हा कशाला बोलवायचं? या प्रश्नाला तेराव्या शतकातच थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडितांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. माणूस मरतो, पण त्याचं केलेलं तिथे थांबत नाही. ते त्याच्या मुलांत चालतं, लोकांच्या आठवणीत (खऱ्या किंवा खोट्या) चालतं, आणि त्याने चालवलेली शिकवण पुढे पोचते तिथवर चालतं. जग चालू आहे तोवर कुणाच्याही वहीवर शेवटची रेघ ओढता येत नाही. म्हणून व्यक्तीचा निकाल मरणाला आणि तिच्या कर्मांच्या सगळ्या पसाऱ्याचा निकाल अखेरीला. यात ‘अंतिम’चा अर्थ ‘वरच्या कोर्टातला’ असा नाही. पहिला निकाल फिरत नाही, तो पुरा होतो.

जावयांचं ‘झोपी गेली’ हेही आगंतुक नाही. बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत मेलेल्यांना ‘झोपलेले’ म्हटलं आहे आणि मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ हे सर्रास वापरतात. बहुतेकांच्या तोंडी ते आपल्या ‘देवाज्ञा झाली’सारखं सौम्य बोलणं असतं. पण काही पंथांत ते अक्षरशः घ्यायचं असतं: मेलेला माणूस खरोखर निजलेला, त्याला काही जाणीव नाही, जागा होणार तो पुनरुत्थानाच्या दिवशी. मग मधला न्याय, मधला स्वर्ग काहीच नाही. प्रोटेस्टंट पंथाचे आद्य सुधारक ल्यूथर झोपेची भाषा मोकळेपणाने वापरायचे. दुसरे सुधारक कॅल्विन यांनी मात्र आत्म्याच्या झोपेविरुद्ध तरुणपणीच एक पुस्तिका लिहिली. वेंगुर्ल्याचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांचं, म्हणजे कॅल्विनच्या वळणाचं. सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या त्यांच्या श्रद्धापत्रकात आत्मे मरत नाहीत आणि झोपतही नाहीत, असं साफ लिहिलं आहे. म्हणजे गंमत अशी की आजी त्या चर्चच्या असतील तर ‘झोपी गेली’ हा नुसता शिष्टाचार, आणि सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट (झोप अक्षरशः मानणारा पंथ) असतील तर तेच दोन शब्द अक्षरशः खरे.

या वादाचं एक टोक तर स्वल्पविरामावर येऊन ठेपतं. वधस्तंभावर शेजारच्या गुन्हेगाराला येशू म्हणतो ते वाक्य लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एका चरित्रात, आहे. रूढ मराठी मांडणी अशी: मी तुला खचित सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. ‘आज’ दुसऱ्या वाक्यात आहे, तेव्हा निकाल आजच. झोप मानणारे म्हणतात, ‘आज’ पहिल्या वाक्यातला: मी तुला आज खचित सांगतो, तू माझ्याबरोबर असशील. कधी, ते पुढचं पुढे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हंच नाहीत, त्यामुळे चिन्ह दाखवून कुणाला गप्प करता येत नाही. तरी येशू ‘मी तुम्हांला खचित सांगतो’ हे पालुपद शुभवर्तमानांत वारंवार म्हणतो आणि त्यात इतरत्र कुठेही ‘आज’ घुसत नाही. म्हणून रूढ मांडणी मला सरळ वाटते.

हजार वर्षांच्या राज्याबद्दल फार लिहीत नाही, ते मोठं जंगल आहे. प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांचं राज्य येतं आणि त्यानंतर पांढऱ्या राजासनापुढे मेलेल्यांचा न्याय. ही वर्षं कॅलेंडरची मानली तर ख्रिस्ताचं येणं आणि शेवटचा न्याय यांत हजार वर्षांचं अंतर पडतं. ती चर्चच्या चालू काळाची खूण मानली, जशी जुन्या काळचे धर्मपंडित ऑगस्टीन यांनी मानली, तर येणं, उठणं आणि न्याय सगळं एकदम. एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक डार्बी आणि त्यांच्यानंतर 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे पसरलेल्या मतात न्याय एकाहून जास्त आहेत: विश्वासणाऱ्यांच्या कामाची पारख ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे आणि इतरांचा निकाल पांढऱ्या राजासनापुढे. ‘न्यायासन’ हा कार्डावरचा शब्द पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला आहे, पण या मंडळींच्या लेखी ‘न्यायासन’ आणि ‘राजासन’ हे समानार्थी नाहीत. मजकूर तपासणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

ॲडव्हेंटिस्टांचा काळ तर चालू वर्तमान आहे. बायबलातल्या दानिएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातल्या 2300 दिवसांची वर्षं करून ती इसवी सनापूर्वी 457 पासून मोजली की 1844 येतं. अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी त्या वर्षीच्या 22 ऑक्टोबरला ख्रिस्ताची वाट पाहिली. तो आला नाही. त्यातल्या काहींनी पुढे असा उलगडा केला की तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली: त्या दिवसापासून तिथे तपासणीचा न्याय सुरू आहे. तेव्हा ‘न्याय होईल’ असं न म्हणता ‘न्याय चालू आहे’ म्हणायचं. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, जो विश्वास ठेवत नाही त्याचा न्याय होऊन चुकला आहे, अशा अर्थाचं वाक्य आहे. तिथलं ग्रीक क्रियापद चक्क पूर्णकाळी आहे. भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळ एकाच ग्रंथाच्या आधाराने! तारखा सांगणाऱ्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातलं वाक्य ऐकवतात: तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कुणालाच ठाऊक नाही.

‘न्यायाचा दिवस’मधला ‘दिवस’ही चोवीस तासांचा धरायला नको. न्याय किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, शास्त्रात ‘दिवस’ हा शब्द काळ या अर्थी येतो, असं ऑगस्टीनच लिहून गेले. आपणही ‘त्याचे दिवस फिरले’ म्हणतो तेव्हा पंचांग उघडत नाही.

‘न्यायनिवाडा’ या जोडशब्दातल्या ‘निवाडा’कडे थोडं बघा. ग्रीकमध्ये न्यायाला ‘क्रिसिस’ म्हणतात आणि त्यामागच्या धातूचा मूळ अर्थ वेगळं करणं, निवडणं. आपला ‘निवाडा’ही ‘निवडणे’च्याच कुळातला. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात याचं चित्र आहे आणि ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. समुद्रात जाळं टाकलं, त्यात सगळ्या तऱ्हेचे जीव आले, भरल्यावर किनाऱ्याला ओढलं, मग बसून चांगलं भांड्यांत ठेवलं आणि वाईट फेकून दिलं. युगाच्या समाप्तीला असंच होईल. ही सरळ सरळ रापण आहे. मूळ ग्रीक शब्दसुद्धा अशा ओढून आणायच्या मोठ्या जाळ्याचाच आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलं असेल, तर दोन्ही दोर खेचणारी माणसं मध्येच थांबून मासे निवडत बसत नाहीत हे ठाऊक असेल. बांगडा, तारली, केंड सगळं एकाच जाळ्यात वाळूवर येतं. निवडणं आणि वाटे घालणं त्यानंतर. न्याय शेवटीच का, यावर त्या दाखल्याचं म्हणणं एवढंच. लगेचच्या न्यायाबद्दल हा दाखला काही बोलत नाही, म्हणून त्याच्या जोरावर कॅथलिकांना खोटं पाडायला जाऊ नये.

राहिले पर्यायी शब्द. ‘कयामत’ अरबी आहे, अर्थ उभं राहणं, उठणं. म्हणजे तो शब्दशः पुनरुत्थानाच्या जवळचा. निवाड्याच्या दिवसाला अरबीत ‘यौमुद्दीन’ हा वेगळा शब्द आहे, रोजच्या नमाजातला. कोकणी मुसलमानांच्या घरात ‘कयामत’ला स्वतःचा पूर्ण अर्थ आहे, तो ख्रिस्ती कार्डावर उसना आणू नये. त्यातून हिंदी सिनेमाने तो इतका झिजवला आहे की आजींच्या कार्डावर भलताच दिसेल. ‘प्रलय’ म्हटलं की पुन्हा सृष्टी ओघाने आलीच. ते चक्र आहे, आणि हा न्याय एकदाच व्हायचा. तीच अडचण खुद्द बायबलातल्या ‘युगाची समाप्ती’ या शब्दप्रयोगात आहे. आपल्याकडे कलियुग संपलं की सत्ययुग रांगेत उभंच असतं. पण तो शब्द आता इतका रुळला आहे की बदलायच्या भानगडीत पडू नये.

तेव्हा कार्ड असं करता येईल. आजी कॅथलिक असतील तर: ‘आमची आई प्रभूच्या न्यायासनापुढे उभी राहिली आहे. तिच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून प्रार्थना करावी.’ प्रेस्बिटेरियन असतील तर दुसरं वाक्य गाळा, त्यांच्यात मृतासाठी प्रार्थना करत नाहीत; तिथे ‘प्रभूमध्ये झोपी गेली’ हेही चालेल. ॲडव्हेंटिस्ट असतील तर न्यायासन काढून ‘पुनरुत्थानाच्या आशेने प्रभूमध्ये झोपी गेली’ एवढंच ठेवा. आणि छापायला देण्याआधी मजकूर त्यांच्या फादरांना किंवा पाळकांना एकदा दाखवा.